लशीनंतरचा ताप आणि शरीराचे दप्तर

३० मे २०२१ रोजी मुंबईच्या कांदिवली उपनगरातील एका गृहसंकुलात सुमारे ३९० रहिवाशांना कोविडची लस म्हणून एक द्रव टोचण्यात आला. पुढील काही दिवसांत रहिवासी एकमेकांची विचारपूस करू लागले, तेव्हा त्यांच्या ध्यानी आले की एवढ्या मोठ्या समुदायात कोणाला कसकस नाही, कोणाचे अंग मोडून आलेले नाही, कोणाचा दंड ठणकलेला नाही. त्यातच हाती पडलेली प्रमाणपत्रे निरनिराळ्या रुग्णालयांच्या नावांची निघाली, संशय बळावला, फिर्याद दाखल झाली आणि पोलिसांच्या तपासात ते शिबिरच बनावट असल्याचे उघडकीस आले.

त्याच सुमारास सरकारी केंद्रांवर खरीखुरी लस घेऊनही ज्यांना ताप आला नाही अशी असंख्य माणसे, ‘आम्हाला काहीच झाले नाही, म्हणजे लस लागली नाही की काय?’ अशी चिंता करीत होती. कांदिवलीच्या रहिवाशांचा संशय खरा ठरला आणि या माणसांची चिंता मात्र निराधार होती. वस्तुतः दोघांचाही तर्क एकच होता. तो एका ठिकाणी अचूक आणि दुसऱ्या ठिकाणी चुकीचा कसा ठरावा, हे समजून घ्यायचे तर लशीनंतरचा ताप मुळात कोठून येतो आणि कशासाठी येतो, येथून आरंभ करावा लागेल. तो उलगडा झाला म्हणजे अशा तापात काय करावे आणि कशाची धास्ती घेऊ नये, हेही पुष्कळ अंशी आपोआप स्पष्ट होते.

मेलेल्या जंतूंचा ताप

लशीनंतरच्या तापाशी महाराष्ट्राचा परिचय सव्वाशे वर्षांचा आहे. १८९६ साली मुंबईत प्लेगचा शिरकाव झाल्यावर वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा प्रयोगशाळेत, उष्णतेने मारलेल्या प्लेगजंतूंपासून लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्याच शरीरात टोचून घेतली. त्यांना ताप चढला, टोचल्या जागी वेदना झाल्या, आणि ते सारे ओसरल्यावर भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर लशीचा पुढचा प्रयोग झाला. परळची हाफकिन संस्था आज त्यांचेच नाव मिरवते. लशीतील जंतू मेलेले होते. ते प्लेग देऊ शकत नव्हते. तरीही ताप आला, कारण तो जंतूंनी आणलेला नव्हता, तो शरीराने स्वतः निर्माण केला होता.

कोविडच्या लशींनाही हेच लागू आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली कोविशील्ड घ्या. तिच्यात चिंपँझीच्या सर्दीचा एक विषाणू असतो. त्याची वाढ होऊ नये अशा रीतीने तो निष्प्रभ केलेला असतो आणि करोना विषाणूच्या अंगावरील काट्याचे वर्णन सांगणारा जनुक त्याच्या पोटात ठेवलेला असतो. अर्ध्या मिलिलिटरच्या एका मात्रेत असे सुमारे पाच हजार कोटी कण दंडाच्या स्नायूत एकाच क्षणी उतरतात. स्नायूतील पेशी तो जनुक वाचून काही काळ नुसता काटा तयार करतात. अख्खा करोना विषाणू या व्यवहारात कोठेच नसतो. म्हणून कोविशील्डने कोविड होणे शक्य नाही. भारत बायोटेकच्या कोव्हॅक्सिनमध्ये संपूर्ण विषाणू असतो खरा, परंतु तो रसायनाने मारलेला असतो.

हाळी आणि दप्तर

शरीर या आगंतुकांशी कसे वागते, हे जुन्या गावगाड्याच्या दृष्टान्ताने चांगले समजते. रात्री वेशीवर अनोळखी माणूस दिसला की गावचा जागल्या हाळी देई. माणूस कोण, कोठला, साव की चोर, याची त्याला माहिती नसे. अनोळखी आहे एवढेच त्याला पुरे. हाळीसरशी दिवे लागत, दारे बंद होत, माणसे हातची कामे टाकून काठ्या घेऊन बाहेर पडत. या गदारोळात गावाची झोपमोड होई आणि दुसऱ्या दिवसाची कामेही खोळंबत. यथावकाश त्या माणसाचा हुलिया तालुक्याच्या कचेरीत पोहोचे, तेथे कारकून तो शांतपणे दप्तरात नोंदवून ठेवी, आणि पुन्हा तोच इसम मुलखात दिसला तर त्या नोंदीवरून तत्काळ ओळखला जाई.

आपल्या शरीरात जागल्याचे काम करणाऱ्या पेशी स्नायूंत आणि त्वचेखाली ठिकठिकाणी विखुरलेल्या असतात. परक्या विषाणूच्या जनुकद्रव्याची ठेवण त्यांना ओळखता येते आणि ती आढळताच त्या काही तासांच्या आत सायटोकाइन नावाचे संदेशवाहक पदार्थ सोडतात. हीच हाळी. जागच्या जागी तिचा परिणाम असा होतो की तेथल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून द्रव आणि संरक्षक पेशी बाहेर झिरपतात, दंड सुजतो, ऊन लागतो आणि वेदनेचे मज्जातंतू इतके हळवे होतात की कुशीवर वळतानाही माणूस कळवळतो. हाळीचा काही भाग रक्तावाटे मेंदूपर्यंत जातो; त्याचा विचार पुढे येईलच.

दप्तराचे काम मात्र अन्यत्र चालते. परक्या पदार्थाचे तुकडे घेऊन काही पेशी दंडातून निघतात आणि काखेतील लसिका ग्रंथींत दाखल होतात. कित्येकांना लशीनंतर काखेत अवधाण आल्यासारखी गाठ हाताला लागली, ती याच कामाची खूण होती. काही दिवसांत, क्वचित काही आठवड्यांत, ती विरते. (या काळात स्तनांची क्ष-किरण तपासणी करावयाची असेल तर लस कोणत्या दंडात केव्हा घेतली हे अवश्य सांगावे, कारण तपासणीत ही गाठ नाहक शंका उत्पन्न करू शकते.) ग्रंथींत नेमक्या त्या काट्याला ओळखणाऱ्या मोजक्या पेशी निवडल्या जातात, त्यांची संख्या वाढते, त्यांतील काही प्रतिपिंडे बनवू लागतात आणि काही स्मृतिपेशी होऊन दीर्घकाळ टिकतात. या कामाला दोन-तीन आठवडे लागतात आणि ते चालू असताना माणसाला त्याची जाणीवही होत नाही.

ज्या दोन दिवसांत आपण अंथरुणावर असतो, त्या दिवसांत दप्तराचे पहिले पानही पुरते लिहून झालेले नसते. हाळी उठली म्हणून नोंद चांगली झाली असे नव्हे, आणि हाळी ऐकू आली नाही म्हणून नोंद झालीच नाही असेही नव्हे. काही अभ्यासांत ताप आलेल्यांच्या रक्तात प्रतिपिंडांचे प्रमाण सरासरीने थोडे अधिक आढळले आहे; परंतु ज्यांना कोणतेही लक्षण जाणवले नाही, अशांपैकी बहुसंख्यांतही प्रतिपिंडे उत्तम प्रकारे तयार झालेली दिसली.

गोधडीखालची हुडहुडी

लस सकाळी घ्यावी, दिवस नेहमीसारखा जावा, आणि दिवेलागणीनंतर एकाएकी अंगावर काटा यावा, दात वाजू लागावेत, वैशाखातल्या उकाड्यात दोन गोधड्या मागाव्या लागाव्यात, हा २०२१ च्या उन्हाळ्यात घरोघरी आलेला अनुभव आहे. घरातले माणूस कपाळाला हात लावून म्हणते, ‘अहो, अंग तर भाजतंय!’ आणि गोधडीतला माणूस म्हणतो, ‘मला थंडी वाजतेय.’ दोघांचेही म्हणणे खरे असते.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा एक छोटा भाग असतो. शरीराचे तापमान किती असावे हे तो ठरवतो आणि एरवी ते ३७ अंश सेल्सियसच्या आसपास राखतो. सायटोकाइनचा संदेश तेथे पोहोचला की त्या परिसरात प्रोस्टाग्लँडिन नावाचा पदार्थ तयार होतो आणि त्याच्या प्रभावाने ही ठरीव पातळी वर सरकते, समजा ३९ वर. आता शरीर प्रत्यक्षात ३७ वर असते, आणि मेंदूच्या हिशेबी ते दोन अंशांनी थंड ठरते. म्हणून त्वचेच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हातपाय गार पडतात, स्नायू थरथरून उष्णता उत्पन्न करतात. हीच हुडहुडी. तापमान ३९ वर पोहोचले की थरथर थांबते. पुढे संदेश क्षीण झाले, पातळी पुन्हा ३७ वर उतरली, की तेच शरीर आता अधिक गरम ठरते आणि दरदरून घाम सुटतो. घाम आला म्हणजे ताप उतरला, हे आपल्या आयाआज्या सांगत आल्या, ते शरीरशास्त्राला धरूनच आहे.

तापमान एका अंशाने वाढवण्यासाठी शरीराला सुमारे एकदशांश अधिक ऊर्जा खर्चावी लागते. दुसऱ्या दिवशीचा थकवा काही अंशी या खर्चाचा असतो. परंतु तो संपूर्णपणे तेवढ्याचा नसतो. भूक न लागणे, कोणाशी बोलावेसे न वाटणे, नुसते पडून राहावेसे वाटणे, हेही सायटोकाइनच्या मेंदूवरील क्रियेचेच फळ आहे. आजारी प्राण्यांचे असे वागणे ही दुर्बलता नसून शक्ती राखून ठेवण्याची निसर्गाची योजना आहे, असे प्रतिपादन अमेरिकन पशुवैद्यक बेंजामिन हार्ट यांनी १९८८ साली केले होते.

एकट्याचा ताप आणि समुदायाचा ताप

आता कांदिवलीच्या कोड्याकडे वळू. कोविशील्डच्या मूळ चाचण्यांत टोचल्या जागी दुखल्याची तक्रार शंभरातील साठांहून अधिक जणांनी केली. डोकेदुखी आणि थकवा निम्म्याहून अधिकांना जाणवला. ताप आल्यासारखे वाटले सुमारे एकतृतीयांश लोकांना. तापमापकावर ३८ अंशांच्या वर, म्हणजे फॅरनहाइट १००.४ च्या वर, पारा गेला तो मात्र शंभरात सुमारे आठ जणांचाच. तेव्हा एखाद्या व्यक्तीला खणखणीत ताप न येणे हीच सर्वसाधारण गोष्ट होय. परंतु ३९० माणसांपैकी एकाचाही दंड दुखू नये, ही गोष्ट खऱ्या लशीच्या बाबतीत जवळजवळ अशक्य आहे. एकाच्या अनुभवावरून काहीही सिद्ध होत नाही आणि तोच अनुभव शेकडोंचा झाला की तो पुरावा बनतो. रहिवाशांनी परस्परांना विचारण्याचे जे कष्ट घेतले, त्यांतच त्यांच्या तपासाचे सामर्थ्य होते.

हाळी कोणात मोठी उठते, याचेही काही नियम आहेत. तरुणांत ती मोठी, वृद्धांत क्षीण. स्त्रियांत पुरुषांपेक्षा अधिक. त्यामुळे एकाच घरात सुनेला दोन दिवस ताप आणि सासूबाई दुसऱ्या सकाळी स्वयंपाकघरात उभ्या, असे चित्र दिसले. कोविशील्डचा पहिला डोस जाचक आणि दुसरा सौम्य, असे बहुधा होई. अमेरिकेतील मराठी कुटुंबांनी फायझर किंवा मॉडर्नाची लस घेतली, त्यांचा अनुभव नेमका उलटा, दुसऱ्या डोसचा ताप अधिक. पहिल्या डोसानंतर शरीर कोविशील्डमधील वाहक विषाणूविरुद्धही प्रतिपिंडे बनवते आणि दुसऱ्या वेळी तो वाहक लवकर निकालात निघतो, हे त्यामागचे एक कारण मानले जाते.

गोळी, पेज आणि पडून राहणे

या तापाला औषध कोणते, याचे उत्तर आता सोपे आहे. पॅरासिटामॉल मेंदूतील प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती कमी करते. ठरीव पातळी खाली येते, ताप उतरतो, ठणका कमी होतो. पाचशे मिलिग्रॅमची एक गोळी प्रौढ माणसाला बहुधा पुरते आणि लागलीच तर सहा तासांनी पुन्हा घेता येते. धोका गोळीचा नाही, नकळत होणाऱ्या दुहेरी मात्रेचा आहे. घराघरांत असलेल्या डोलो ६५० मध्ये हेच औषध असते आणि सर्दीपडशाच्या बहुतेक संयुक्त गोळ्यांतही ते असते. वेष्टनावरील नाव वाचल्याशिवाय दोन निरनिराळ्या गोळ्या एका दिवशी घेऊ नयेत. यकृताचा विकार असणाऱ्यांनी, नियमित मद्यपान करणाऱ्यांनी आणि फार कृश माणसांनी आपली मात्रा डॉक्टरांनाच विचारावी.

ताप येईल या भीतीने लशीपूर्वीच गोळी घेऊन जाणारेही पुष्कळ होते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, चेक देशातील तान्ह्या मुलांना नेहमीच्या लशींबरोबर आधीच पॅरासिटामॉल दिले असता काही लशींची प्रतिपिंडे कमी तयार झालेली आढळली. तो निष्कर्ष प्रौढांना आणि कोविडच्या लशींना जसाच्या तसा लागू करता येणार नाही. तरीसुद्धा न आलेल्या तापावर औषध घेण्याचे काही प्रयोजन नाही. त्रास सुरू झाल्यावर घ्यावे, आणि तेव्हा मात्र संकोच करू नये. ताप सोसला तर लस अधिक लागते, हा समज माणसांना व्यर्थ छळतो.

दंडावर गार पाण्याची घडी ठेवावी, जागा चोळू नये, हात मात्र हलता ठेवावा. अंग पुसायचे तर साध्या किंवा कोमट पाण्याने. बर्फाच्या पाण्याने त्वचा एकदम गार झाली की हुडहुडी उलट वाढते. थंडी वाजत असता पांघरूण घ्यावे आणि घाम सुटू लागला की ते खुशाल दूर करावे. घामावाटे पाणी जाते, म्हणून पेज, ताक, लिंबाचे सरबत, जे रुचेल ते थोडे थोडे घेत राहावे.

परंतु विश्रांती हा उपचार सर्वांना सारखाच उपलब्ध नसतो. रोजंदारीवर जगणाऱ्या बाईला दोन दिवसांचा ताप म्हणजे दोन दिवसांची बुडालेली मजुरी. तिने लस टाळली तर तिला अडाणी ठरवणे हा मला तरी अन्याय वाटतो. तिला ताप येऊ शकतो हे आधी स्पष्ट सांगणे, गोळ्या हातात देणे आणि कामाच्या खाड्याची सोय पाहून दिवस ठरवणे, हे लसीकरणाचेच अंग मानले गेले पाहिजे.

+-----------------------------+
चौकट : घरी थांबावे की डॉक्टरांकडे जावे?

लशीचा ताप बहुधा पहिल्या चोवीस तासांत येतो आणि दोन ते तीन दिवसांत जातो. तोवर घरीच उपचार पुरेसे आहेत. खोकला, घसादुखी, वास न येणे ही लशीची लक्षणे नव्हेत. ती दिसली, किंवा ताप तीन दिवसांपुढे टिकला, तर अन्य संसर्ग झाला असण्याचा संभव धरून तपासणी करावी. लस घेतल्यानंतर काही मिनिटांत अंगावर गांधी उठणे, ओठ वा घसा सुजणे, धाप लागणे यांसाठी क्षणाचाही विलंब लावू नये.
+-----------------------------+

मनाचा वाटा

कोविड लशींच्या बारा चाचण्यांचा एकत्रित अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. या चाचण्यांत काही लोकांना लशीऐवजी निरुपद्रवी द्रव टोचला होता आणि कोणाला काय दिले हे त्यांना ठाऊक नव्हते. अशा द्रवानंतरही शंभरातील सुमारे ३५ जणांनी डोकेदुखी, थकवा यांसारखी लक्षणे नोंदवली. त्यांच्या वेदना खोट्या नव्हत्या. ज्याची अपेक्षा असते त्याकडे लक्ष लागते, आणि एरवी दिवसभरात येऊन जाणारी बारीकसारीक डोकेदुखीही मग ठळकपणे जाणवते. केंद्रावर सुईच्या धास्तीने भोवळ येणे हाही याच जातीचा प्रकार. माणसाला आडवे निजवून पाय उंच केले की ते बहुधा काही मिनिटांत सावरते.

दुर्मिळ, परंतु दुर्लक्षू नये असे

आतापर्यंत ज्यांचे वर्णन केले ते त्रास शरीराच्या नेहमीच्या व्यवहाराचे आहेत. त्यांहून सर्वस्वी निराळे असे काही गंभीर परिणामही घडले आणि त्यांविषयी मोकळेपणाने बोलल्यानेच लोकांचा विश्वास टिकतो असे माझे मत आहे.

पहिला परिणाम तीव्र ॲलर्जीचा. आपल्याकडे लशीनंतर अर्धा तास केंद्रावर बसवून ठेवत, ते यासाठी. हा प्रकार बहुधा याच अवधीत घडतो आणि मांडीत तत्काळ दिलेल्या ॲड्रिनलिनच्या इंजेक्शनने आटोक्यात येतो. मार्च २०२१ मध्ये लस घेतलेल्या एका ६८ वर्षांच्या गृहस्थांचा मृत्यू अशा ॲलर्जीने झाल्याचे केंद्र सरकारच्या समितीने त्याच वर्षी जूनमध्ये मान्य केले. त्या अर्ध्या तासात खुर्ची सोडून घाईने घरी निघणे कोणाच्याही हिताचे नव्हते.

दुसरा परिणाम रक्तात गुठळ्या होण्याचा. कोविशील्डच्या जातीच्या लशींनंतर क्वचित एखाद्या शरीरात, रक्तातील प्लेटलेटमधून बाहेर पडणाऱ्या एका प्रथिनाविरुद्धच प्रतिपिंडे तयार होतात. त्यामुळे प्लेटलेट एकमेकींना चिकटतात, गुठळ्या होतात आणि त्याच वेळी प्लेटलेटची संख्याही घटते. जर्मनी आणि नॉर्वे येथील वैद्यकांनी एप्रिल २०२१ मध्ये याचे वर्णन केले. भारतात मे २०२१ मध्ये जाहीर झालेल्या सरकारी अहवालात रक्त गोठण्याच्या अशा संशयित घटनांचे प्रमाण दर दहा लाख मात्रांमागे ०.६१ नोंदले होते. २०२४ साली ही लस मूळ विकसित करणाऱ्या कंपनीने ब्रिटनमधील न्यायालयीन कागदपत्रांत या दुर्मिळ परिणामाची कबुली दिल्याचे वृत्त आले, तेव्हा तीन वर्षांपूर्वी लस घेतलेल्या लोकांत पुन्हा घबराट पसरली. परंतु हा विकार लशीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत उद्भवतो. वर्षांनंतर तो त्या मात्रेमुळे उद्भवण्याचे भय बाळगण्याचे कारण नाही.

ज्यांना केव्हाही अशी लस घेण्याचा प्रसंग येईल त्यांनी मात्र काळाकडे लक्ष द्यावे. पहिल्या दोन दिवसांची डोकेदुखी ही हाळीची असते. चौथ्या-पाचव्या दिवसानंतर, पहिले त्रास शमल्यावर नव्याने सुरू झालेली, गोळीने न थांबणारी तीव्र डोकेदुखी, अंधुक दिसणे, छातीत दुखणे, दम लागणे, एकाच पायाला सूज, पोटात सतत कळा, टोचल्या जागेपासून दूर त्वचेवर उठलेले टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि जाताना लसीकरणाचे प्रमाणपत्र बरोबर न्यावे. त्यावर लशीचे नाव, डोसची तारीख आणि बॅच नंबर छापलेला असतो. गुठळीवर एरवी सर्रास दिले जाणारे हेपॅरिन हे औषध या विशिष्ट विकारात टाळतात, आधी प्लेटलेट मोजतात आणि उपचार निराळे योजतात. त्या एका तारखेवरून डॉक्टरांच्या मनात ही शंका वेळीच येऊ शकते.